बुडबुड्यांची साक्ष : स्तनातली गाठ साधी की घातक?

कर्करोग या शब्दातला खेकडा ग्रीकांचा आहे. आयुर्वेदात अशा वाढीला 'अर्बुद' म्हणत. 'कर्क' आला तो पाश्चात्त्य वैद्यकातल्या 'कॅन्सर'चा पदर धरून. ग्रीक वैद्य या रोगाला खेकड्याचे नाव, 'कार्किनोस', का देत याचे एक स्पष्टीकरण दुसऱ्या शतकातल्या गेलेनने लिहून ठेवले आहे. स्तनातल्या गाठीपासून फुगलेल्या शिरा दोन्ही बाजूंना पसरतात आणि त्या खेकड्याच्या पायांसारख्या दिसतात, असे तो म्हणतो. पुढे इतर कारणेही सांगितली गेली, गाठ खेकड्यासारखी चिकटून बसते वगैरे. मला मात्र गेलेनचे निरीक्षण महत्त्वाचे वाटते, कारण ते रक्तवाहिन्यांचे आहे. गाठीला रक्त कसे येते इकडे त्याची नजर गेली होती.

आज चीनमधले रेडिओलॉजिस्ट सोनोग्राफीच्या पडद्यावर जवळपास तेच पाहतात आणि आपल्या निबंधांत 'खेकड्याच्या नांगीसारखी रचना' असे शब्दही वापरतात. गेलेनला दिसल्या त्या रोग फार पुढे गेल्यावर कातडीवर उमटलेल्या शिरा. आताच्या यंत्राला हरभऱ्याएवढ्या गाठीतला, केसाहून बारीक वाहिन्यांमधला प्रवाह दिसतो. आणि तो दिसावा म्हणून रक्तात काही मिनिटांसाठी वायूचे सूक्ष्म बुडबुडे सोडावे लागतात. या तपासणीला कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी म्हणतात. स्तनातली गाठ साधी की घातक हे ओळखायला तिची कितपत मदत होते आणि कुठे होत नाही, हा या लेखाचा विषय.

मी डॉक्टर नाही. महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेत सहायक म्हणून बरीच वर्षे काढली आणि ध्वनीच्या प्रयोगांच्या नादाने वाचत गेले. या विषयाकडे वळले ते मात्र माझ्या मावसबहिणीच्या एका फोनमुळे. सोनोग्राफीचा रिपोर्ट तिच्या हातात होता. "ताई, ४ए म्हणजे चौथी स्टेज का गं?" एवढेच तिने विचारले. तिला धड रडूही येत नव्हते.

तर आधी हा आकडा. स्तनाच्या मॅमोग्राफीच्या किंवा सोनोग्राफीच्या रिपोर्टखाली 'बायरॅड्स' म्हणून जो अंक असतो, तो अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने ठरवलेला संशयाचा दर्जा आहे. रोगाच्या टप्प्याशी, म्हणजे स्टेजशी, त्याचा काही संबंध नाही. २ म्हणजे नक्की साधे. ३ म्हणजे बहुधा साधे, घातक असण्याची शक्यता २ टक्क्यांच्या आत. सुई न लावता सहा महिन्यांनी पुन्हा पाहायचे. ५ म्हणजे शंभरात पंचाण्णव किंवा अधिक घातक. या दोहोंमधला ४ हा अंक फार रुंद आहे. म्हणून त्याचे तीन भाग केले: ४ए म्हणजे २ ते १० टक्के, ४बी म्हणजे १० ते ५०, ४सी म्हणजे ५० ते ९५. चारातल्या कुठल्याही गाठीला बायॉप्सीचा सल्ला दिला जातो. म्हणजे ४एच्या शंभर स्त्रियांना सुई लावली तर नव्वदाहून अधिक जणींची गाठ साधी निघणार. त्यांचे आठ-पंधरा दिवस, रजा, खर्च, घरातली कुजबुज हे सगळे उरलेल्या मोजक्या जणींना वेळेवर गाठण्यासाठी. ही किंमत कमी करता येईल का, आणि ती करताना त्या मोजक्या जणींपैकी कोणी निसटणार तर नाही ना, हा खरा प्रश्न आहे.

भारतात २०२२ साली स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण आणि सुमारे ९८ हजार मृत्यू झाले, असा जागतिक संस्थांचा अंदाज आहे. रुग्णांच्या आणि मृत्यूंच्या आकड्यांत एवढे कमी अंतर का, याचे उत्तर मुख्यतः उशीर हे आहे. आपल्याकडे गाठ बहुधा यंत्राला सापडत नाही. आंघोळ करताना हाताला लागते. आणि तरुण वयात स्तनाची घडण दाट असल्याने मॅमोग्राफी तिथे कमी पडते, सोनोग्राफीवरच भिस्त राहते.

* * *

सोनोग्राफीचा आणि स्तनातल्या गाठीचा संबंध अगदी जन्मापासूनचा आहे. जॉन वाइल्ड हा इंग्लंडहून अमेरिकेत गेलेला शल्यविशारद. मिनियापोलिसजवळच्या नौदलाच्या विमानतळावर वैमानिकांना रडार शिकवण्यासाठी एक यंत्र होते. ते १५ मेगाहर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला दीड कोटी कंपनांचा, कानाला न ऐकू येणारा ध्वनी वापरी. वाइल्डने ते शरीराच्या ऊतींवर वापरून पाहिले. जॉन रीड हा अभियंता सोबतीला आला आणि १९५१-५२च्या सुमारास या दोघांनी जिवंत माणसाच्या स्तनातल्या गाठींचे प्रतिध्वनी नोंदवून, साध्या आणि घातक गाठींचे प्रतिध्वनी वेगळे असतात असे मांडले. पोटातल्या बाळाचे चित्र जगाला माहीत होण्याआधीची ही गोष्ट. सोनोग्राफी म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बाळंतपण येते, आणि गर्भलिंगनिदानाच्या पापामुळे आपल्याकडे हे यंत्र कायद्याच्या कड्याकुलपात ठेवावे लागले ते योग्यच. पण या यंत्राच्या पहिल्याच प्रश्नांपैकी एक हाच होता, की ही गाठ कसली?

साध्या सोनोग्राफीत करड्या रंगाच्या छटांवरून गाठीची घडण कळते. फायब्रोअ‍ॅडेनोमा ही तरुणींमधली नेहमीची साधी गाठ लांबट, गुळगुळीत कडांची, आडवी पडलेली असते. कर्करोगाची गाठ अनेकदा रुंदीपेक्षा उंच वाढते, तिच्या कडा दातेरी किंवा काटेरी असतात, मागे सावली पडते. अनेकदा असे होते, नेहमी नव्हे. साध्या दिसणाऱ्या घातक गाठी असतात आणि जुन्या सुजेचे व्रण कर्करोगाची हुबेहूब नक्कल करतात.

मग घडणीऐवजी रक्तपुरवठा पाहावा, या विचाराला पाया मिळाला तो १९७१ साली. बॉस्टनचे शल्यविशारद ज्यूडा फोकमन यांनी असे मांडले की गाठ एक-दोन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात, आणि त्या उगवाव्यात म्हणून गाठ स्वतःच रासायनिक संदेश सोडते. सुरुवातीला अनेकांनी हे मनावर घेतले नाही. १९८९ साली अशा संदेशांपैकी सर्वांत महत्त्वाच्या प्रथिनाची ओळख पटल्यावर चित्र पालटले. घाईने उगवलेल्या या वाहिन्या वेड्यावाकड्या असतात. त्यांच्या भिंती गळक्या, फांद्या अवेळी फुटलेल्या, कुठे फुगलेल्या तर कुठे एकदम बंद. नियोजनाने वसवलेल्या वसाहतीतले रस्ते आणि रातोरात उठलेल्या वस्तीतले बोळ यांत जो फरक, तोच.

हे बोळ पाहायचे कसे? रंगीत डॉप्लर सोनोग्राफीत धावत्या रक्तपेशींवरून परतणाऱ्या ध्वनीची वारंवारता बदलते, त्यावरून प्रवाह कळतो. पण अगदी बारीक वाहिन्यांत रक्त इतके सावकाश चालते आणि त्याचा प्रतिध्वनी इतका क्षीण असतो, की आजूबाजूच्या ऊतींच्या हालचालीत तो बुडून जातो. रक्ताचा आवाज वाढवणारे काहीतरी हवे होते.

ते सापडले योगायोगाने, हृदयाच्या तपासणीत. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात रेमंड ग्रॅमियाक आणि प्रवीण शहा हे महाधमनीच्या मुळाशी नळीतून हिरवे रंगद्रव्य सोडत असताना सोनोग्राफीच्या पट्टीवर प्रतिध्वनींचा ढग उमटला. १९६८ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. रंगद्रव्याच्या जागी साधे मिठाचे पाणी जोराने सोडले तरी ढग दिसे. म्हणजे किमया रंगाची नव्हती. द्रव वेगाने सोडताना त्यात तयार होणाऱ्या बारीक बुडबुड्यांची होती.

बुडबुडा इतका मोठ्याने का बोलतो? एक कारण सोपे: ध्वनी पाण्यातून हवेत शिरताना जवळजवळ सगळा परततो. दुसरे कारण जास्त सुरस आहे. मार्सेल मिनार्ट हे नेदरलँडमधल्या उट्रेख्टचे खगोलशास्त्रज्ञ, पण निसर्गातल्या साध्यासुध्या गोष्टींचे वेड असलेले. ओढा खळखळतो तो कशाने, असा प्रश्न घेऊन त्यांनी १९३३ साली एक निबंध लिहिला. पाण्यात अडकलेला प्रत्येक बुडबुडा घंटेसारखा आपल्या ठरावीक स्वरात वाजतो, आणि बुडबुडा जितका लहान तितका स्वर उंच, हे त्यांनी गणिताने दाखवले. नळाखाली हंडा भरताना जो आवाज येतो त्यातही हे बुडबुडे वाजत असतात. पाण्यात १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे सव्वातीन हजार वेळा कंप पावतो. त्याला हजारपट लहान करा, म्हणजे केशवाहिनीतून सहज जाईल एवढा. त्याचा स्वर हजारपट चढतो आणि ३० लाखांच्या, म्हणजे ३ मेगाहर्ट्झच्या घरात जातो. पृष्ठताण आणि कवच यांनी हा आकडा थोडा सरकतो, पण पोटाच्या सोनोग्राफीत वापरतात तो ध्वनी नेमका याच पट्टीतला. रक्तातून फिरू शकणाऱ्या बुडबुड्याचा स्वर आणि यंत्राचा स्वर जुळतात, यात कोणाचीही योजना नाही. निसर्गाने दिलेली ही सवलत आहे, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडलेली गोष्ट हीच.

नुसत्या हवेचा एवढा बारीक बुडबुडा मात्र रक्तात क्षणार्धात विरघळतो. त्यावर उपाय दोन: पाण्यात न विरघळणारा जड वायू आणि त्याभोवती पातळ कवच. युरोपात २००१ पासून वापरात असलेल्या 'सोनोव्ह्यू'मध्ये सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू फॉस्फोलिपिडच्या, म्हणजे पेशींच्या आवरणासारख्याच पदार्थाच्या, कवचात भरलेला असतो. वीज उपकेंद्रांतल्या मोठ्या ब्रेकरमध्ये ठिणगी विझवायला वापरतात तोच हा वायू. कुपीतल्या एका मिलिलिटरमध्ये दहा कोटींहून अधिक बुडबुडे असतात, सरासरी व्यास अडीच मायक्रॉन, म्हणजे तांबड्या रक्तपेशीच्या निम्म्याहून कमी. एका तपासणीत शरीरात जाणारा सगळा वायू एकत्र केला तर पाण्याच्या एका थेंबाएवढाही भरत नाही. तो फुप्फुसांवाटे बाहेर पडतो. दोन मिनिटांत ऐंशी टक्क्यांहून अधिक निघून जातो. सी. टी. स्कॅनच्या आयोडीनसारखा मूत्रपिंडावर भार नाही. आणखी एक महत्त्वाचा फरक असा की आयोडीन किंवा एमआरआयचे गॅडोलिनियम गळक्या वाहिन्यांतून बाहेर झिरपते. बुडबुडे वाहिन्यांच्या आतच राहतात. त्यामुळे पडद्यावर जे उजळते ते फक्त रक्त.

धोका अजिबात नाही असे नाही. क्वचित तीव्र ॲलर्जी येऊ शकते. इटलीत पोटाच्या २३ हजारांवर तपासण्यांचा आढावा घेतला, त्यात गंभीर त्रास दोघांना झाला, मृत्यू नाही. अमेरिकेत २००७ साली अशा औषधांवर कडक इशारा छापायला लावला होता आणि पुढच्याच वर्षी तो सौम्य केला. तपासणी जिथे होते तिथे ॲलर्जीवरची औषधे आणि ती देणारा माणूस हाताशी हवा, हे विचारून घ्यावे.

* * *

प्रत्यक्ष तपासणी अशी होते. रुग्ण उताणी झोपते, हात डोक्यामागे. आधी साधी सोनोग्राफी करून गाठीचा एक छेद निवडतात, जिथे प्रवाह जास्त वाटतो आणि शेजारची निरोगी ऊतीही दिसते असा. हाताच्या शिरेत सुई. बुडबुड्यांचे द्रावण झटक्यात सोडतात आणि मागोमाग सलाइन. प्रोब अजिबात हलवायचा नाही आणि दाबायचाही नाही, कारण जोराने दाबले तर बारीक वाहिन्या मिटतात आणि साधी गाठ असल्याचा भास होतो. पुढची दोन-तीन मिनिटे चित्रफीत नोंदवतात.

यंत्र त्या वेळी अगदी हळू आवाजात बोलत असते. मोठा आवाज केला तर बुडबुडे फुटतात. एकापाठोपाठ दोन स्पंदने पाठवायची, दुसरे पहिल्याच्या बरोबर उलटे. ऊतींवरून परतणारे दोन प्रतिध्वनी एकमेकांना खोडतात, बेरीज शून्य, पडदा काळा. बुडबुडा मात्र जितका सहज फुगतो तितका सहज दबत नाही, त्यामुळे त्याचे दोन प्रतिध्वनी एकमेकांचे आरसे नसतात आणि बेरीज उरते. काळ्या पडद्यावर रक्त तेवढे उजळते.

आता काय पाहायचे? घातक गाठ बहुधा शेजारच्या ऊतीपेक्षा लवकर आणि जास्त उजळते. उजाळा एकसारखा नसतो. कुठे लखलखीत, तर मध्ये काळी पोकळी, कारण गाठ रक्तापेक्षा वेगाने वाढल्यामुळे मधला भाग उपाशी मेलेला असतो. कडेला वाहिन्या बाहेरून आत, आऱ्यांसारख्या घुसतात. याच गेलेनच्या नांग्या. आणि सर्वांत उपयोगी वाटणारी खूण म्हणजे बुडबुड्यांनी उजळलेला भाग साध्या सोनोग्राफीतल्या गाठीपेक्षा मोठा दिसतो. म्हणजे करड्या चित्रात जिथे गाठ संपली असे वाटत होते, त्याच्या पलीकडे नव्या वाहिन्या पोचलेल्या आहेत. साधी गाठ उलट एकसारखी उजळते किंवा उजळतच नाही, तिची कड स्वच्छ राहते, आकार बदलत नाही. घट्ट झालेल्या द्रवाने भरलेली पिशवी साध्या सोनोग्राफीत कधीकधी भरीव गाठीसारखी दिसते. तिच्यात एकही बुडबुडा शिरत नाही आणि संशय तिथल्या तिथे मिटतो.

इथपर्यंत वाचून वाटेल की प्रश्न सुटला. यकृताच्या बाबतीत तो बराचसा सुटलाही आहे. तिथे कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी नेहमीच्या वापरात आहे आणि रिपोर्टचे ठरलेले नियमही आहेत. मग स्तनात तेच का जमत नाही? याचे कारण शरीररचनेत आहे. यकृताला रक्ताचे दोन दरवाजे आहेत. सुमारे पाव हिस्सा रक्त धमनीतून येते आणि उरलेले आतड्याकडून येणाऱ्या मोठ्या शिरेतून, काही सेकंद उशिराने. यकृतातली घातक गाठ बहुतांशी धमनीवर जगते. त्यामुळे ती आधी उजळते आणि नंतर, आजूबाजूचे यकृत दुसऱ्या दरवाजाच्या रक्ताने उजळलेले असताना, काळी पडते. घड्याळ लावून ओळखावा असा हा फरक. स्तनाला दरवाजा एकच. गाठ आणि शेजार दोघेही त्याच धमन्यांचे पाणी पितात. फरक राहतो तो कमी-अधिक उजाळ्याचा आणि तो वाचणाऱ्याच्या नजरेवर अवलंबून असतो.

त्यात भौतिकशास्त्राची अडचण. स्तनासाठी बारीक तपशील हवा म्हणून ७ ते १५ मेगाहर्ट्झचा प्रोब वापरतात, आणि बुडबुड्यांचा स्वर तर ३ च्या आसपास. मघाशी म्हटलेली निसर्गाची सवलत इथे अर्धवटच मिळते. म्हणून स्तनासाठी यकृताच्या दुप्पट मात्रा, जवळजवळ अख्खी कुपी, वापरण्याचा प्रघात आहे. शिवाय एका इंजेक्शनमध्ये एकच गाठ, तीही एकाच छेदात नीट पाहता येते. संपूर्ण स्तनाची चाचपणी म्हणून ही तपासणी निरुपयोगी आहे.

आणि नकलाकार आहेतच. तरुणीचा फायब्रोअ‍ॅडेनोमा कधीकधी भरपूर उजळतो. ग्रॅन्युलोमाची सूज, गळू आणि आपल्या देशात स्तनाचा क्षयरोग यांत तर रक्तपुरवठा वाढलेलाच असतो, कडा पुसट असतात, मध्ये मेलेला भागही असतो. चित्र कर्करोगाचे, रोग दुसराच. स्तनाच्या क्षयाचे वर्णन ॲस्टली कूपर यांनी १८२९ मध्येच करून ठेवले आहे, पण युरोपातल्या डॉक्टरला तो आज क्वचित दिसतो. आपल्याकडच्या डॉक्टरला तो ध्यानात ठेवावाच लागतो. उलट बाजूने, दुधाच्या नळीतच असलेला सुरुवातीचा कर्करोग किंवा चिकट द्रवाने भरलेला कर्करोग फारसा उजळत नाही आणि साधेपणाचा आव आणतो.

* * *

अनेक अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे असे सांगतात की ही तपासणी शंभर घातक गाठींपैकी सुमारे ८६ पकडते आणि शंभर साध्या गाठींपैकी सुमारे ७९ ना साधे म्हणते. बहुतेक अभ्यास चीनमधले, मोठ्या रुग्णालयांतले, सरावलेल्या हातांचे. हे आकडे ऐकून कोणी 'चांगले' म्हणेल, कोणी 'अपुरे'. माझ्या मते दोघेही घाई करतात. थोडे गणित करून पाहू.

४एच्या एक हजार स्त्रिया घ्या आणि त्यांत ६० जणींची गाठ घातक आहे असे धरा. तपासणी ६० पैकी ५२ पकडेल, ८ निसटतील. साध्या गाठीच्या ९४० पैकी ७४३ ना ती साधे म्हणेल, १९७ ना उगाच संशयित. म्हणजे 'साधी' असा निकाल मिळालेल्या ७५१ जणींमध्ये घातक ८. प्रमाण सुमारे एक टक्का. शक्यता सहावरून एकावर आली, बायरॅड्स ३ च्या मर्यादेच्या आत. अशा स्त्रीला सुई न लावता सहा महिन्यांनी पुन्हा बोलावणे हा निदान विचार करण्याजोगा पर्याय होतो.

आता तेच यंत्र, तोच डॉक्टर, पण स्त्रिया ४बीच्या, हजारात ३०० घातक. २५८ पकडल्या, ४२ निसटल्या. साध्या ७०० पैकी ५५३ ना साधे म्हटले. 'साधी' निकाल मिळालेल्या ५९५ जणींत घातक ४२, म्हणजे सात टक्के. शंभरातल्या सात जणींना 'घरी जा' म्हणणारा डॉक्टर मला तरी नको. पडद्यावरचे चित्र दोन्हीकडे तेच असेल, निकालाचा अर्थ मात्र वेगळा. म्हणून बुडबुड्यांचा निकाल एकटा वाचता येत नाही. आधीचा अंक, स्त्रीचे वय, घरातला रोगाचा इतिहास यांच्यासोबतच तो वाचावा लागतो. पंचविशीतली गाठ आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी नव्याने हाताला लागलेली गाठ यांना एक माप लावता येत नाही.

वयाचा मुद्दा मुंबईतल्या एका मोठ्या प्रयोगातही दिसला. टाटा मेमोरियल रुग्णालयाने १९९८ पासून ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ स्त्रियांना दोन गटांत विभागून वीस वर्षे पाठपुरावा केला. एका गटात प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष आले: रोग लवकरच्या टप्प्यात सापडू लागला आणि पन्नाशीच्या पुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू सुमारे ३० टक्क्यांनी घटले. सर्व वयोगट एकत्र धरले तर घट १५ टक्के होती आणि ती संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठाम ठरली नाही. कॉन्ट्रास्टच्या कुपीचा खर्च ज्या तालुक्याला झेपत नाही, तिथे अजून खूप काही बोटांनी होऊ शकते, हे या आकड्यांवरून दिसते. बोटांना लागलेल्या गाठींची पुढे छाननी करताना मात्र सोनोग्राफी आणि सुई लागणारच.

आणि सुईपाशीच आपल्याकडे घोडे अडते. "गाठीला सुई लावली की ती चिडते", "चाकू लागला की भडकते" ही वाक्ये मी शिकल्यासवरल्या घरांतून ऐकली आहेत. सुईच्या वाटेवर काही पेशी सरकलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात हे खरे आहे. त्यातल्या बहुतेक जगत नाहीत आणि बायॉप्सी केल्याने रुग्णाचे आयुष्य घटते असे दिसून आलेले नाही. गाठ पसरते ती सुई टाळण्यात गेलेल्या महिन्यांत. म्हणून 'सुईविना निदान' अशा शब्दांत कोणी या तपासणीची जाहिरात केली, तर मला भीती वाटते. ज्या स्त्रीला मुळातच सुई नको आहे तिला निमित्त मिळेल, आणि ४सीची गाठ बुडबुड्यांच्या भरवशावर घरी जाईल. युरोपातल्या तज्ज्ञांनी यकृतासाठी या तपासणीला जे ठाम स्थान दिले, ते स्तनासाठी दिलेले नाही. २०१३ च्या बायरॅड्समध्येही बुडबुड्यांना रकाना नाही. जपानने २०१२ मध्ये 'सोनाझॉइड' या दुसऱ्या औषधाला स्तनाच्या गाठींसाठी परवानगी दिली, पण तिथेही बायॉप्सी बंद झालेली नाही. माझ्या मावसबहिणीचे मी हेच सांगून समाधान केले होते: "अगं, स्टेज नाही ती. पण सुई लावून घे, या आठवड्यातच."

बुडबुड्यांचा भरवशाचा उपयोग मला सुईच्या जोडीने होणारा वाटतो. मोठ्या गाठीचा मधला भाग मेलेला असेल आणि सुई नेमकी तिथेच गेली, तर 'नमुना अपुरा' असा रिपोर्ट येतो आणि सगळे पुन्हा करावे लागते. बुडबुडे सोडून आधी पाहिले तर जिवंत, उजळलेली कड कुठे आहे ते कळते आणि नमुना तिथून घेता येतो. दुसरा उपयोग काखेत. स्तनाचा कर्करोग पसरताना बहुधा काखेतल्या ज्या लसिकाग्रंथीत प्रथम पोचतो, ती शोधण्यासाठी एरवी शस्त्रक्रियेच्या वेळी निळे रंगद्रव्य किंवा किरणोत्सारी द्रव्य वापरतात. इंग्लंडमधल्या डॉक्टरांनी २००९ च्या सुमारास तेच काम बुडबुड्यांकडून करून घेतले. स्तनाग्राभोवतीच्या काळसर भागाजवळ, शिरेत न देता कातडीत, थोडे द्रावण टोचायचे. ते लसिकावाहिनीतून वाट काढत काखेकडे जाते आणि पहिली ग्रंथी पडद्यावर उजळते. लगेच तिच्यातून सुईने नमुना घेतात. त्यात रोग निघाला तर तो शस्त्रक्रियेच्या आधीच कळलेला असतो आणि पहिलीच शस्त्रक्रिया त्याप्रमाणे आखता येते. काही निघाले नाही तर नेहमीच्या पद्धतीने ग्रंथीची तपासणी शस्त्रक्रियेत होतेच.